खोदाईपूर्वी जमिनीखालील वाहिन्यांचा शोध

रब्बीचे पीक घरात आले, खळी मोकळी झाली, की गावोगाव खोदाईच्या कामांस प्रारंभ होतो. कोणी शेततळे घेतो, कोणी फळबागेसाठी खड्डे पाडून ते उन्हात तापत ठेवतो, तर कोणी परसात शोषखड्डा किंवा गोठ्याचा पाया खणावयास घेतो. पावसाळ्यापूर्वी ही सर्व कामे उरकावयाची असल्यामुळे घाई असतेच. त्यात यंत्र तासाच्या भाड्याने आणलेले असले म्हणजे ती अधिकच वाढते. अशा वेळी जमिनीच्या पोटात काय आहे याचा विचार करण्यास सहसा कोणी थांबत नाही. चरातून पाण्याचा फवारा उडाला, अथवा शेजारच्या रानातील मोटर एकाएकी बंद पडली, म्हणजे मग चौकशी सुरू होते.

दोन पिढ्यांपूर्वी शेतकऱ्याच्या जमिनीखाली मुळे, दगड आणि पाणी यांवाचून फारसे काही नसे. आता तशी स्थिती राहिलेली नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठी तर एकेका रानाखालून चार-चार उपशाच्या पाइपलाईन गेलेल्या आढळतात. विहिरीपासून मोटरघरापर्यंत पुरलेली केबल, ठिबक संचाचे मुख्य व उपमुख्य नळ, १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनखाली गल्लीगल्लीतून टाकलेले पिण्याच्या पाण्याचे नळ, ग्रामपंचायतींना जोडणाऱ्या भारतनेट योजनेची प्रकाशतंतूंची केबल, आणि काही भागांत तेलाच्या व वायूच्या मोठ्या नलिका, इतक्या गोष्टी आज जमिनीखाली नांदत आहेत. त्यांपैकी पुष्कळांची नोंद कोठेही नाही. केंद्र शासनाने २०२३ साली दिलेल्या माहितीनुसार देशात दरवर्षी सुमारे १० लाख वेळा प्रकाशतंतूंच्या केबली खोदाईत तुटतात आणि त्यामुळे सुमारे ३००० कोटी रुपयांचे नुकसान होते. हा हिशेब केवळ एका प्रकारच्या केबलीचा आहे. ऐन उन्हाळ्यात उपशाची पाइप फुटून ज्या उसाची पाण्याची पाळी चुकली, त्याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडावयाचा नाही.

कोणत्या खोलीवर काय सापडते

दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याविषयीची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ४९ मध्ये आहे. त्यानुसार तहसीलदाराच्या परवानगीने टाकलेला भूमिगत नळ पृष्ठभागापासून निदान अर्धा मीटर खोल असावा लागतो. अर्धा मीटर म्हणजे सुमारे पावणेदोन फूट. साध्या नांगराचा फाळ २० ते २५ सेंटीमीटरपर्यंत जातो, त्यामुळे नांगरटीने अशा नळास धक्का पोहोचत नाही. परंतु उसाच्या रानातील घट्ट थर फोडण्यासाठी जो सबसॉयलर चालवितात, तो ४५ ते ६० सेंटीमीटर खोल जातो. म्हणजे नियमाप्रमाणे पुरलेला नळदेखील त्याच्या टप्प्यात येतो. डाळिंबाचा खड्डा सामान्यतः ६० सेंटीमीटर लांब, रुंद व खोल घेतात. आंब्याचा एक मीटरचा घेतात. शेततळे तर तीन मीटरपर्यंत जाते. आपले अवजार किती खोल जाणार आहे हे आधी ठरवावे, आणि तेवढ्या खोलीत काय असू शकेल याचा मग विचार करावा.

वीज कंपनीची भूमिगत केबल टाकताना भारतीय मानकाप्रमाणे कमी दाबाच्या केबलीस ७५ सेंटीमीटर, ११ हजार व्होल्टपर्यंतच्या केबलीस ९० सेंटीमीटर आणि ३३ हजार व्होल्टच्या केबलीस सुमारे १०५ सेंटीमीटर खोली अपेक्षित असते. केबलीखाली व वर मऊ वाळू घालून त्यावर विटा किंवा फरशा मांडतात. खणताना काळ्या मातीत एकाएकी वाळू लागली अथवा ओळीने मांडलेल्या विटा दिसल्या, तर तो जुन्या घराचा पाया असेल असे समजून पहार घालू नये.

हे आकडे मात्र टाकतेवेळचे आहेत. मधल्या काळात रान सपाट करताना उंचवट्यावरची माती उतारावर गेली, बांध फुटला, रस्त्याची बाजू तासली गेली, म्हणजे एके काळी तीन फुटांवर असलेली वाहिनी आज फुटावर आलेली असते. शेतकऱ्याने स्वतः पुरलेली मोटरची केबल तर कित्येकदा वीतभरच खाली असते. कारण ती पुरताना चर कुळवाच्या पासेने पाडलेला असतो, आणि "आपल्याच रानात कोण खणणार आहे" असा विचार केलेला असतो. खोली हा अंदाज आहे, हमी नव्हे.

विचारपूस कोणाकडे व कशी करावी

नोंदी कोठे मिळतात हे प्रथम पाहू. सातबाराच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' या सदरात पाइपलाईनचा किंवा वापराच्या हक्काचा उल्लेख कधी कधी असतो. तो तलाठी कार्यालयात पाहून घ्यावा. ग्रामपंचायतीकडे नळयोजनेचा आराखडा असतो, आणि आराखड्यापेक्षाही उपयोगी असा नळयोजनेचा कर्मचारी असतो. कोणता व्हॉल्व्ह कोठे आहे आणि आराखड्यात दाखविलेला नळ प्रत्यक्षात गल्लीच्या कोणत्या बाजूने नेला हे त्यास ठाऊक असते. विजेसाठी लाईनमनला विचारावे.

दूरसंचार विभागाने भास्कराचार्य अंतराळ उपयोग व भू-माहिती संस्थेच्या साह्याने 'कॉल बिफोर यू डिग' नावाची मोबाईलवरील सोय तयार केली असून तिचे उद्घाटन २२ मार्च २०२३ रोजी झाले. खोदाई करणाऱ्याने जागा व कामाचा तपशील तीत भरला म्हणजे त्या जागेखाली ज्यांच्या वाहिन्या नोंदलेल्या आहेत त्यांस सूचना जाते आणि उभयतांचा संपर्क होतो. अमेरिकेत ८११ हा एकच दूरध्वनी क्रमांक २००७ सालापासून याच कामासाठी देशभर चालतो. गावच्या कार्यकर्त्याने ही सोय आपल्या मोबाईलवर घ्यावी व ठेकेदारास तिचा वापर करावयास लावावा. तथापि तिच्यात तेवढेच दिसते जेवढे वाहिनीच्या मालकाने नोंदविले आहे. चुलत्याने तीस वर्षांपूर्वी टाकलेला सिमेंटचा नळ तीत असावयाचा नाही.

त्यासाठी माणसांनाच विचारले पाहिजे, आणि येथेच बहुधा चूक होते. एका गावी शेततळ्याची आखणी चालू असता कार्यकर्त्याने शेजारच्या वृद्ध शेतकऱ्यास विचारले, "आजोबा, ह्या रानातून पाइप किंवा केबल गेली आहे का हो?" आजोबांनी मान हलविली. "न्हाई बा. हितं कसली आलीया पाइप." कार्यकर्ता निघणार तोच त्याने सहज आणखी विचारले, "मग ह्या रानात कधी कोणी चर काढला होता का?" त्यावर आजोबा म्हणाले, "चर व्हय! चर काढला हुता की. थोरल्याच्या लग्नाच्या साली. माझा हरभरा मोडला त्या चरापायी, अजून भरपाई न्हाई मिळाली." तो चर कोठून कोठे गेला हे त्यांनी बांधावर उभे राहून काठीने दाखविले. त्या जागी हाताने खणून पाहिले तेव्हा अडीच फुटांवर सहकारी उपसा योजनेचा नळ निघाला, आणि त्यात पाणी चालू होते.

वाहिनी जमिनीआड गेली की ती लोकांच्या स्मरणातूनही जाते. परंतु मोडलेले पीक, अडलेली वाट आणि न मिळालेली भरपाई माणूस विसरत नाही. यास्तव प्रश्न असे करावेत: येथे चर कोणी काढला होता? कोणत्या पिकात काढला? माती वर आणून टाकली ती कोठे? पूर्वी पाणी कोठून येत असे? जुनी विहीर कोणती, आणि तिच्यावरचे इंजिन कोठे होते? जमीन विकत घेतलेली असल्यास मूळ मालकास, आणि तो परगावी असल्यास त्याच्या वाटेकऱ्यास शोधून विचारावे. एक दूरध्वनी करण्यास फारसे कष्ट पडत नाहीत.

भावाभावांच्या वाटणीनंतरच्या जमिनींत विशेष काळजी घ्यावी लागते. वडिलांनी एकत्र कुटुंबात असताना नदीपासून वरच्या रानापर्यंत पाइप नेलेली असते. पुढे वाटणी होते, खालचे रान धाकट्याकडे व वरचे थोरल्याकडे येते. पाइप थोरल्याची आणि तिच्यावरची जमीन धाकट्याची, अशी स्थिती निर्माण होते. वाटणीपत्रात पाइपचा उल्लेख नसतो. धाकट्याने निष्पाप मनाने खड्डा घेतला व पाइप फुटली, तरी "दादाचे पाणी मुद्दाम तोडले" असा बोभाटा होतो. भाऊबंदकीचे कित्येक दावे अशा एका फुटलेल्या नळापासून सुरू झालेले आहेत. म्हणून खोदाईपूर्वी धाकट्याने थोरल्याच्या घरी जाऊन, "दादा, उद्या यंत्र लावतो आहे, तुम्ही रानात येऊन आपली पाइप दाखवा," असे सांगावे आणि शक्य तर चार माणसांसमक्ष रेषा चुन्याने आखून घ्यावी. यात कमीपणा काही नाही.

जमीन स्वतः काय सांगते

विचारपूस झाल्यावर रान पायी फिरून पाहावे. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना फिरल्यास बुजविलेला चर अधिक स्पष्ट दिसतो. भरणीची माती दर पावसाळ्यात बसते, त्यामुळे चराच्या जागी सरळ रेषेत किंचित खोलगट पट्टा राहतो व पहिल्या पावसाचे पाणी तेथे साचते. काळ्या जमिनीत मुरमाचे खडे किंवा पांढरट माती एका ओळीत वर आलेली असेल, तर खालचा थर कोणीतरी उपसून वर टाकला होता हे नक्की समजावे. उभ्या पिकातही खूण दिसते. नळ झिरपत असेल तेथे गवत वा पीक उन्हाळ्यातही हिरवेगार राहते. उलट वायूची गळती असेल तेथे वनस्पती पिवळी पडून मरते. एअर व्हॉल्व्हचा उभा तुकडा, झाकण हरवलेले चेंबर, खांबावरून खाली उतरून जमिनीत शिरणारी केबल, बांधावरचा अर्धवट गाडलेला सिमेंटचा खुंट, या प्रत्येक वस्तूपाशी थांबून "ही येथे का आहे आणि हिचे दुसरे टोक कोठे आहे" असा प्रश्न करावा. दोन्ही टोके सापडली म्हणजे मधली रेषा अंदाजता येते. मात्र ती सरळच असेल असे धरू नये. झाड, खडक अथवा हट्टी शेजारी आडवा आला की चर वळलेला असतो.

काही गावांत तांब्याच्या वाकविलेल्या तारा किंवा तळहातावर नारळ घेऊन नळ शोधण्याची पद्धत आहे. तिला शास्त्रीय आधार नाही. तिने दाखविलेली जागा बरोबर निघाल्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकू येतात, चुकल्याच्या कोणी सांगत नाही. धातूशोधक यंत्राचा उपयोग लोखंडी नळ व तांब्या-ॲल्युमिनियमच्या केबलीपुरता होतो. प्लास्टिकचा नळ त्यास दिसत नाही, आणि आज शेतातील बहुसंख्य नळ प्लास्टिकचेच आहेत.

चाचणी खड्डा

अंदाज बांधून झाल्यावर खात्री करण्याचा एकच निश्चित उपाय आहे, तो म्हणजे हाताने खणून प्रत्यक्ष पाहणे. चाचणीचा चर वाहिनीच्या अंदाजित रेषेस आडवा, काटकोनात घ्यावा. रेषेच्या बरोबर वरून खणत खाली न जाता बाजूने खोल जाऊन मग आडवे खरवडत वाहिनीकडे यावे. वरचा फूटभर थर कुदळीने काढण्यास हरकत नाही. त्यापुढे पहार व टिकाव बाजूस ठेवून फावडे व खुरपे वापरावे. टोकदार हत्याराचा घाव सर्व जोरानिशी एका बिंदूवर पडतो, फावड्याची धार तशी नसते. मातीचा रंग बदलला, माती भुसभुशीत लागली, वाळू, विटा किंवा रंगीत प्लास्टिकची पट्टी दिसली की वेग कमी करावा.

वाहिनी सापडली म्हणजे शोध संपला असे मात्र मानू नये. एकाच चरात पाण्याचा नळ व मोटरची केबल शेजारी शेजारी टाकण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि नळ पाहून निश्चिंत झालेल्या मजुराचा पुढचा घाव केबलीवर बसतो. आडवा चर दोन्ही बाजूंस आणखी हातभर वाढवून पाहावा. त्यानंतर रेषेवर काही अंतराने असेच दोन-तीन खड्डे घेऊन खुंट्या माराव्यात, दोरी लावावी व चुना टाकावा. यंत्रचालकास दोरी दाखवून तिच्या दोन्ही बाजूंस निदान एक मीटर जागेत बकेट घालावयाची नाही असे स्पष्ट सांगावे. तेवढा भाग हाताने काढावा. सापडलेला नळ "जुना व बंद" आहे असे कोणी सांगितले तरी मालकाने तो स्वतः बंद करून दाखवीपर्यंत तो चालू आहे असेच समजावे.

चर छातीइतका खोल झाला की त्याच्या भिंतीकडे लक्ष द्यावे. पूर्वी भरलेल्या चराशेजारची माती मोकळी असते. काळ्या जमिनीस भेगा असतात. आणि नळ फुटून पाणी भरू लागले तर भिंत क्षणात ढासळते. दीड मीटरहून खोल चरात उतार न देता किंवा फळ्यांचा आधार न लावता माणूस उतरवू नये, आणि उपसलेली माती काठाला लागून टाकू नये.

तेलाच्या व वायूच्या नलिका

मुंबईहून मनमाडकडे व मुंबईहून पुणे-सोलापूरकडे जाणाऱ्या तेलाच्या नलिका, तसेच दाभोळहून बंगळूरूकडे जाणारी वायूची नलिका महाराष्ट्रातील अनेक गावांच्या शेतांखालून गेलेल्या आहेत. अशा नलिकांसाठी १९६२ च्या अधिनियमाखाली जमिनीचा केवळ वापराचा हक्क संपादन केला जातो. जमीन शेतकऱ्याचीच राहते व नलिका टाकून झाल्यावर त्याने तीत पूर्वीप्रमाणे पीक घ्यावयाचे असते. परंतु अधिसूचित पट्ट्यात घर वा कोणतेही बांधकाम करता येत नाही, विहीर, तळे वा धरण खोदता येत नाही आणि झाड लावता येत नाही. या निर्बंधाचा मोबदला म्हणून अधिसूचनेच्या दिवशी असलेल्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम आणि नलिका टाकताना झालेल्या नुकसानीची भरपाई देण्याची तरतूद त्याच अधिनियमात आहे. जमीन पुढे दुसऱ्यास विकली गेली तरी निर्बंध तिच्याबरोबर जातात. नव्या मालकास ते ठाऊक नसतात आणि तो शासकीय योजनेतून त्याच पट्ट्यात शेततळे वा आमराई मंजूर करून घेतो. स्थळपाहणी करणाऱ्या कार्यकर्त्याने ही गोष्ट आखणीच्या वेळीच पाहिली पाहिजे.

या नलिकांच्या मार्गावर खुणेचे खांब असतात व त्यांवर तातडीचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो. कुळव अडतो म्हणून असे खांब उपटून बांधावर टाकलेले कित्येकदा दिसतात. उपटणारा आपल्या नांगराची सोय पाहतो आणि दहा वर्षांनी तेथे खणणाऱ्याचा जीव धोक्यात घालतो. खांब नसल्यास कंपनीस कळवून पुन्हा बसवून घ्यावा. पट्ट्याजवळ कोणतीही खोदाई करावयाची झाल्यास कंपनीचा माणूस जागेवर हजर असल्याशिवाय कामास हात लावू नये.

येथे एका गोष्टीवर विशेष भर दिला पाहिजे. नलिकेस यंत्राचा दात नुसता घासून गेला, काही फुटले नाही, काही गळले नाही, म्हणून माती लोटून गप्प बसणे हा सर्वांत घातक प्रकार होय. बेल्जियम देशात ३० जुलै २००४ रोजी उच्च दाबाच्या वायुनलिकेचा स्फोट होऊन २४ माणसे मृत्यू पावली. बांधकामाच्या वेळी यंत्राने नलिकेस पूर्वीच इजा झालेली होती, ती तशीच राहिली आणि पुढे नलिकेतील दाब वाढला तेव्हा पोलाद फाटले. आपल्याकडे २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम गावी वायुनलिकेच्या गळतीतून भडकलेल्या आगीने पहाटे झोपेतील माणसे, घरे व नारळीच्या बागा जळाल्या. तेथील कारण खोदाईचे नव्हते; पण गळालेला वायू गावात पसरला म्हणजे काय होते ते त्या गावाने पाहिले. ओरखडा ज्याने पाडला त्याने तो त्याच वेळी कळविला, तर तो दुरुस्त करता येतो. दंडाच्या भीतीने लपविला, तर त्याची मुदत कोणास सांगता येत नाही.

वायू सुटल्याचा फुसकारा ऐकू आला, धूळ वर उडू लागली किंवा चरातील पाण्यात बुडबुडे आले, तर यंत्र आहे तेथेच बंद करून सर्वांनी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस दूर जावे. विडी, काडेपेटी, इंजिन चालू करणे, विजेचे बटण दाबणे आणि जागेवरच मोबाईल वापरणे ही सर्व टाळावीत. स्वयंपाकाच्या वायूला दुर्गंध मुद्दाम घातलेला असतो. लांब पल्ल्याच्या नलिकेतील वायूला तो असेलच असे नाही. वास येत नाही म्हणून वायू नाही असे समजू नये. सुरक्षित अंतरावर गेल्यावर खांबावरील क्रमांकास व ११२ या क्रमांकास कळवावे. गळती माती टाकून बुजविण्याचा प्रयत्न करू नये.

विजेची केबल

शेतीपंपांना वीज पाळीने मिळते. दिवसा केबल निर्जीव असते व रात्री तीच सजीव होते. "आता लाईट नाही" या भरवशावर केलेली खोदाई म्हणूनच फसवी ठरते. दुपारी घाव बसून आवरण सोललेली केबल कोणाच्या लक्षात येत नाही, संध्याकाळी ती ओल्या मातीत तशीच पुरली जाते, आणि रात्री पाणी पाजावयास अनवाणी गेलेला शेतकरी तेथे पाय ठेवतो. त्यातच पुष्कळ मोटरींस आपोआप चालू करणारे ऑटो स्विच किंवा मोबाईलवरून चालणारे स्टार्टर बसविलेले असतात. चरात माणूस असताना मोटर आपोआप सुरू होते. यास्तव खोदाईपूर्वी ऑटो काढावा, मेन स्विच पाडून फ्यूज उपसून घ्यावेत व ते खोदणाऱ्याने आपल्या खिशात ठेवावेत. शेजाऱ्याची केबल त्या बाजूने जात असेल तर त्याचेही तसेच करवून घ्यावे. मोटरघराजवळ अर्थिंगची पट्टी पुरलेली असते. ती तुटली तरी मोटर चालतच राहते आणि म्हणून कोणी दुरुस्त करीत नाही. पुढे मोटरच्या अंगात वीज उतरली की ती जाण्यास मार्ग उरत नाही.

केबलीवर घाव बसलाच तर हत्यार ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. यंत्राच्या बकेटने केबल पकडली असल्यास चालकाने आसनावरच बसून राहावे, इतरांनी दूर जावे व १९१२ या क्रमांकास किंवा लाईनमनला कळवून पुरवठा बंद झाल्यावरच त्याने खाली उतरावे. यंत्रास आग लागली व उतरणे भागच पडले, तर यंत्र आणि जमीन यांस एकाच वेळी स्पर्श न करता दोन्ही पाय जोडून उडी मारावी व पाय न उचलता घसटत दूर जावे. विजेने धरलेल्या माणसास हाताने ओढू नये. प्रथम स्विच बंद करावा; ते जमत नसेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्यास तारेपासून दूर करावे. हा उपाय २३० व ४१५ व्होल्टच्या शेतीपंपाच्या केबलीपुरता आहे. अधिक दाबाच्या केबलीजवळ पुरवठा बंद झाल्याखेरीज जाऊच नये.

पाण्याचा नळ व प्रकाशतंतू

पाण्याचा नळ फुटल्यास जीवाचे भय कमी असले तरी अगदीच नसते असे नाही. दर दहा मीटर उंचीस दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम दाब येतो. नदीपासून साठ मीटर उंच रानात पाणी चढविणाऱ्या नळाच्या खालच्या टोकास सहा किलोग्रॅमचा दाब असतो, आणि तेथील फटीतून उडालेला खडा डोळा घालवू शकतो. मोटर बंद केल्यावरही वरचे पाणी खाली येतच राहते. तेव्हा पाणी उतरेपर्यंत वाट पाहावी. दुरुस्ती करताना फाटलेला भाग पुरता कापून, टोके कोरडी व स्वच्छ करून जोड बसवावा, आणि सोल्युशन वाळेपर्यंत मोटर चालू करू नये. सायकलची ट्यूब गुंडाळून काम भागविलेले नळ पुढच्या पाळीस पुन्हा फुटतात. जुन्या नळयोजनांचे काही नळ ॲस्बेस्टॉस सिमेंटचे आहेत. त्यांची धूळ फुप्फुसास अपायकारक असल्याने ते करवतीने कोरडे कापू नयेत, ओले ठेवूनच हाताळावेत.

पिण्याच्या पाण्याचा नळ फुटला व तो त्याच वेळी बंद होता, तर चरातील चिखल आणि गटाराचे पाणी आत शिरते. गावात गॅस्ट्रो व कावीळ पसरण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. असा नळ दुरुस्त केल्यावर पहिले पाणी सोडून द्यावे, टी.सी.एल. पावडरने निर्जंतुकीकरण करवून घ्यावे आणि तोपर्यंत त्या गल्लीस पाणी उकळून पिण्याची दवंडी द्यावी. नळ फोडणाऱ्याने शरमेने ही गोष्ट ग्रामपंचायतीस न कळविल्यास त्याची किंमत लहान मुले भरतात.

प्रकाशतंतूच्या तुटलेल्या टोकात डोकावून पाहू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, पण अपाय करू शकतो. टोके न ओढता तशीच ठेवून कळवावे.

नवी वाहिनी टाकताना

आज जो शेतकरी नळ पुरतो आहे, त्याच्याच नातवास तो उद्या "अज्ञात" होणार आहे. चर बुजविण्यापूर्वी अर्धा तास खर्च केल्यास हे टळते. प्लास्टिकच्या नळाबरोबर एक साधी धातूची तार टाकावी, म्हणजे पुढे शोधक यंत्रास नळ सापडेल. नळाच्या वर फूटभर माती भरल्यावर रंगीत प्लास्टिकची पट्टी अंथरावी. बाजारची पट्टी न मिळाल्यास खताच्या गोण्यांच्या पट्ट्या कापून चालतील. प्रत्येक वळणावर दगड किंवा सिमेंटचा खुंट रोवावा.

त्यानंतर मापे घ्यावीत. प्रत्येक वळणाचे अंतर दोन स्थिर वस्तूंपासून मोजून लिहावे. उदाहरणार्थ, मोटरघराचा ईशान्य कोपरा आणि विहिरीच्या कठड्याचा दक्षिण कोपरा घेतला, तर "पहिले वळण, मोटरघरापासून १६.४० मीटर, विहिरीपासून ९.८० मीटर, दोन्हींच्या पूर्वेस, खोली ७५ सेंटीमीटर" एवढी ओळ पुरे. पुढे कोणीही त्या दोन कोपऱ्यांवर दोन दोऱ्या धरून ही अंतरे ताणली की दोऱ्यांची टोके जेथे मिळतील तेथे वळण आहे. बाजू लिहिणे विसरू नये, कारण अशा दोऱ्या दोन ठिकाणी मिळू शकतात, एक पूर्वेस व एक पश्चिमेस. स्थिर वस्तू म्हणून झाड धरू नये. बाभूळ तोडली जाते, लिंब वाऱ्याने पडतो. हद्दीचा दगड, विहिरीचा कठडा किंवा पक्क्या घराचा कोपरा धरावा. उघड्या चराची दोन छायाचित्रे मोबाईलवर घ्यावीत; मात्र मोबाईल बदलतो, म्हणून कागदावरील नकाशा करावाच. त्याच्या तीन प्रती काढून एक आपल्या सातबाराच्या उताऱ्याबरोबर, एक ज्याच्या रानातून नळ गेला त्याच्याकडे आणि एक ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेवावी. वाटणीपत्र किंवा खरेदीखत होण्याची वेळ आली म्हणजे ही प्रत लेखनिकापुढे ठेवून नळाचा उल्लेख दस्तात घालवून घ्यावा.